कावळे येतात

"आजी, तो पांढरा, लांब शेपटीचा पक्षी इथेच येतो ना? रिबिनीसारखी शेपटी असते बघा."

नर्मदाबाईंनी मान वर केली नाही. ओटीवर पाय पसरून त्या तगरीच्या कळ्या ओवत होत्या, आणि हातात कळ्या असताना त्यांनी यमालाही थांब म्हटलं असतं. विचारणारा एक टोपीवाला होता. अंगावर पालापाचोळ्याच्या रंगाचे कपडे, गळ्यात तोफेएवढा कॅमेरा, आणि मागे अशाच वेशातले आणखी तिघे. लग्नाच्या वऱ्हाडाचाही होणार नाही एवढा आवाज करत हे लोक आले होते आणि वर झाडासारखे दिसायला बघत होते. असली सोंगं नर्मदाबाईंनी शिमग्यात पुष्कळ पाहिली होती.

"येतो ना," त्या म्हणाल्या. "पण इथं नाय. तुम्ही वालीवला जा. कारखान्यांच्या मागं एक नाला हाय, काळ्या पाण्याचा. त्याच्या काठाला बाभळीवर बसतो."

"वालीव? तिथे तर सगळं इंडस्ट्रियल आहे."

"त्याला काय कळतंय? पाखरूच ते."

टोपीवाल्याने मोबाइलमध्ये वालीव टिपून घेतलं. "थँक्यू आजी, तुम्ही ग्रेट आहात," म्हणाला. चौघे गाडीत बसले आणि गाडी आगाशीच्या रस्त्याला लागली. नर्मदाबाईंनी सर पुरा केला, गाठ मारली आणि मग सावकाश परसात गेल्या. बावखलाच्या काठाला करंजाची एक फांदी पाण्यावर वाकलेली होती. तिच्यावर तो पांढरा, लांब शेपटीचा नवरदेव बसला होता. मधेच पाण्यावर झडप घालायचा, माशी पकडायचा आणि परत त्याच जागी येऊन शेपटी सावरायचा. दिवाळी सरली की तो यायचा आणि शिमग्याच्या सुमाराला जायचा. नर्मदाबाई लग्न होऊन नंदाखालला आल्या त्याला पंचेचाळीस वर्षं झाली होती, आणि एकाही वर्षी त्याने खाडा केला नव्हता.

घरामागे केळी, नारळ आणि फुलझाडांची वाडी, आणि वाडीच्या पोटात बावखल. कुठल्याशा पूर्वजाने घराच्या जोत्यासाठी माती काढली, त्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठलं, आणि त्या पाण्यावर पुढच्या चार पिढ्यांची केळी वाढली. वसईच्या या पट्ट्यात अशी बावखलं पूर्वी घरोघर होती. मग नळ आले आणि माणसांना पाण्यापेक्षा जागा प्यारी झाली. नर्मदाबाईंच्या मागचं बावखल वाटणीत दिराकडे गेलं होतं. पाणी मात्र दोन्ही घरांचं, असं तोंडी ठरलं होतं. दीर वारला. आता ती जागा त्याच्या मुलाच्या, मयूरच्या नावावर होती. मयूर विरारला फ्लॅटमध्ये राहायचा आणि वाडीत यायचा तो बूट वाचवत.

त्या पाण्यावर काय काय येतं हे गावात एकट्या नर्मदाबाईंना ठाऊक होतं, आणि त्यांनी ते कुणालाही सांगितलेलं नव्हतं. ही सासूबाईंची शिकवण. वेलीवरच्या कोवळ्या काकडीला बोट दाखवलं की ती कुजते, हे सगळ्याच घरांत सांगतात. पण या घरात घरट्यालाही बोट दाखवायचं नाही असा दंडक होता. बोट दाखवलं की घरटं उठतं. चुकून दाखवलंच, तर ते बोट आपल्याच दातांनी चावायचं, वळ उठेपर्यंत. लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात नव्या सुनेने हरखून "आत्या, ते बघा पिल्लं" म्हणत हात केला होता, आणि सासूबाईंनी तिथल्या तिथे तिला बोट चावायला लावलं होतं. "झाकली मूठ सव्वा लाखाची," त्या म्हणाल्या होत्या. "जे दिसलं ते आपलं. जे सांगितलं ते गावाचं."

नर्मदाबाईंनी तो दंडक एकदाच मोडला. त्यांचे यजमान भालचंद्र शाळेत शिपाई होते. तिथले एक मास्तर पक्ष्यांचे शौकीन होते, म्हणून बारा वर्षांपूर्वी एका ज्येष्ठात नर्मदाबाईंनी त्यांना नवरंगाचं घरटं दाखवलं. दुसऱ्या दिवशी मास्तर मित्राला घेऊन आले. तिसऱ्या दिवशी पंधरा माणसं आली. फोटो स्वच्छ यावा म्हणून त्यांनी घरट्याभोवतीची झुडपं कोयत्याने साफ केली. चौथ्या दिवशी अंडी गार पडली होती. मास्तरांनी तो फोटो चौकटीत घालून भेट आणला, तो नर्मदाबाईंनी गोठ्यात कोंबडीच्या खुराड्यावर झाकण म्हणून टाकला. तेव्हापासून गळ्यात कॅमेरा असलेला माणूस त्यांच्या लेखी माणसांत जमा नव्हता.

त्याच आठवड्यात ती मुलगी आली. सकाळचे अकरा वाजले होते. पाखरं बघायला अकरा वाजता येणाऱ्या माणसाबद्दल जे मत व्हायचं ते नर्मदाबाईंचं तिला फाटकात बघूनच झालं.

"नमस्कार आजी, मी तेजस्वी. फुलपाड्याहून आलेय. आमच्या कॉलेजला बावखलांच्या सर्व्हेचं काम मिळालंय ना, कचेरीकडून, तर वर्षातून तीन व्हिजिट करायच्या आहेत. हिवाळा, उन्हाळा, पावसाळा. मयूर सर म्हणाले, काकू तिथेच असतात, त्यांनाच विचारा."

"मयूर सर," नर्मदाबाईंनी तो शब्द तोंडात घोळवून बघितला. "शाळेत सर दिसले की हा संडासात लपायचा."

मुलगी हसली. नर्मदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी लोखंडी बादली उचलली आणि बावखलाकडे जाताना दगडी काठावर दोनदा दणादण आपटली. ढोकरी उडाली, खंड्या ओरडत नारळाकडे गेला, आणि मुलगी चपला सांभाळत पोचेपर्यंत बावखलावर कोणी उरलं नाही.

"पक्षी कोणकोणते येतात आजी?"

"कावळे येतात."

"आणि?"

"आणि काय यायचंय? बाकी काय नाय."

मुलीने लिहून घेतलं. "प्राणी?" "नाय." "साप?" "तुला बघायचाय?" तिने तेही 'नाही' असं लिहिलं आणि कागद पुढे केला. खाली छापलेलं होतं: माहिती देणाऱ्याचे नाव व सही. नर्मदाबाई चौथी शिकलेल्या होत्या. त्यांनी 'नर्मदा भालचंद्र राऊत' असं ठळक, सुटं सुटं लिहिलं.

"ह्याचा उपयोग काय?" त्यांनी विचारलं.

"संवर्धन होणार आहे आजी."

नर्मदाबाईंनी हा शब्द ऐकला होता. एका मोठ्या तळ्याचं संवर्धन त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. कडेने फरशी, कठड्याला रंगीत दिवे, मधे कारंजं आणि सकाळ-संध्याकाळ भोंग्यावर गाणी. तिथले बगळे त्याच महिन्यात गाव सोडून गेले होते. संवर्धनाला येणाऱ्याला चहा द्यावा इतकी काही त्या पाण्याने वाट पाहिलेली नव्हती. म्हणून त्यांनी चहा विचारला नाही.

वैशाखात ती पुन्हा आली. ऊन मी म्हणत होतं आणि हिच्या डोक्यावर साधा रुमाल नव्हता. नर्मदाबाईंना कीव आली की राग, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येईना. त्यांनी तांब्याभर पाणी दिलं आणि लगोलग बादली आपटली. पण पाणी आटून काठ उघडा पडला होता, आणि त्या मातीच्या भिंतीत खंड्याचं बीळ सरळ दिसत होतं. आत पिल्लं होती.

"हे बीळ कसलं आजी?"

"खेकड्याचं."

"एवढ्या वर?"

"उंचावरच राहते ही जात."

तेजस्वीने मान डोलावली आणि कागदावर लिहिलं, खेकडा. नर्मदाबाईंनी रात्री जेवताना ते आठवून एकटीनेच हसून घेतलं. कॉलेजात शिकलेली पोर. सातव्या मजल्यावर राहत असेल, खिडकीत कबुतरं, आणि निघाली बावखलं मोजायला. नाशिकहून मुलाचा, धवलचा फोन आला तेव्हा त्यालाही त्यांनी ती खेकड्याची गोष्ट सांगितली. बिळात काय होतं ते मात्र सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना खटकत राहिली. पाणी पिऊन झाल्यावर त्या मुलीने तांब्या विसळला होता आणि पालथा घातला होता. टोपीवाल्यांच्या आख्ख्या जातीत हे कधी कुणी केलं नव्हतं.

गौरी-गणपती आटोपल्यावर ती तिसऱ्यांदा आली. यावेळी सकाळी सात वाजता. नर्मदाबाई मोगऱ्याच्या झाडात होत्या, त्यांना बादली गाठायला वेळ मिळाला नाही. मुलगी काठावर, पाण्याकडे पाठ करून दगडावर टेकली आणि कागद मांडीवर घेतले.

"आजी, ही लास्ट व्हिजिट. तुम्हाला एक सांगायचं होतं. ज्या बावखलांत काही राहतंय, अंडी घालतंय, ती सगळी यादीत येणार. यादीतलं कुणाला बुजवता येणार नाही. मालकालासुद्धा नाही. म्हणून मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा विचारतेय. काहीतरी येत असेल ना हो? मला दिसत नाही, मला अजून ओळखताच येत नाही धड. पण तुम्हाला दिसत असेल."

नर्मदाबाईंच्या जिभेवर शब्द आला. अगदी दातांपर्यंत आला. आणि त्याच वेळी मुलीच्या पाठीमागे, कमळाच्या पानांतून पाणकोंबडी बाहेर पडली. पांढऱ्या छातीची, शेपटी वरखाली करत. मागून एक, दोन, तीन, चार, पाच काळी पिल्लं, काजळाच्या बोटांएवढी. मुलीने नुसती मान वळवली असती तर हाताच्या अंतरावर होती ती सगळी.

नर्मदाबाई झटक्यात पुढे झाल्या. मुलगी आणि पाणी यांच्या मधे उभ्या राहिल्या, पदर पसरून.

"चल गो, इथं डास हायत. आत ये, सुकेळी देते. घरच्या केळ्यांची हाय, उन्हात वाळवलेली."

मुलगी हरखली. ओटीवर बसून तिने दोन सुकेळी खाल्ली, आईसाठी दोन बांधून घेतली, बशी धुऊन ठेवली. आणि तिसऱ्या कागदावर लिहिलं: कावळे. बाकी काही नाही. यादी लागली की टोपीवाले येणार, एवढंच नर्मदाबाईंना दिसलं, आणि त्यांनी सही केली. मुलगी गेल्यावर त्या परत पाण्यावर गेल्या तेव्हा आई पिल्लांना शेवाळातून काहीतरी वेचायला शिकवत होती. वाचली बाई, असं नर्मदाबाईंनी मनात म्हटलं, आणि त्या दिवशी देवापुढे एक वात जास्तीची लावली.

दिवाळीच्या आठ दिवस आधी मयूर पेढे घेऊन आला. त्याने बूट काढले नाहीत, ओटीच्या पायरीवरच बसला.

"काकू, तोंड गोड करा. यादी लागली कचेरीत. आपलं बावखल त्यात नाहीये. परवानगी मिळतेय. सगळं लेव्हल करून टाकतो, आमच्या छोट्या रिद्धीच्या नावाने लॉन काढतोय. लग्नं, बारशी, रिसेप्शन. तुमचीच फुलं घेईन ना मी, बाहेरची कशाला?"

"कोण म्हणतं बावखलात काय नाय?"

"तुम्ही," मयूर म्हणाला. "तीनदा. सहीनिशी."

नर्मदाबाईंच्या हातातला पेढा तसाच राहिला. मयूरने मान खाली घातली, पण लाज वाटून नव्हे. त्याला हसू लपवायचं होतं.

"काकू, मी याच घरात वाढलोय. आजीने मला पण बोट चावायला लावलंय, आठवतं का? म्हणूनच त्या पोरीला म्हटलं, काकूंना विचार. मला माहीत होतं, तुम्ही जीव गेला तरी सांगणार नाही."

ज्या पोराला त्यांनी आयुष्यभर ठोंब्या म्हटलं, ज्याला कडुलिंब आणि बकाणा यांतला फरक कळत नव्हता, त्याने त्यांना बरोबर ओळखलं होतं. त्यांनी मात्र त्याला ओळखलं नव्हतं. नर्मदाबाईंनी पेढा परत खोक्यात ठेवला आणि म्हणाल्या, "आपलेच दात आणि आपलेच ओठ. ऊठ माझ्या पायरीवरून."

हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत होती. नर्मदाबाईंनी हरकत घेतली. धवल फोनवर म्हणाला, "आई, कशाला घरातल्या घरात?" त्यांनी फोन ठेवून दिला.

सुनावणीला त्या इरकल नेसून गेल्या. मोठी खोली, टेबलापलीकडे चष्म्याचे साहेब, एका बाजूला मयूर आणि त्याचा वकील, दुसऱ्या बाजूला फायली घेऊन बसलेली तेजस्वी. साहेब माणूस बरा होता. त्याने नर्मदाबाईंना खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि म्हणाला, "बोला आजी, काय म्हणणं आहे?"

आणि नर्मदाबाई पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा सगळं बोलल्या.

"दिवाळी झाली की परीट येतो, साहेब, शेपटी हलवणारा, तो आधी येतो. मग शेपटीचा पांढरा. हळद्या येतो, तो थंडीभर उंबरावर असतो. शिमग्यानंतर खंड्या काठात बीळ करतो, ते खेकड्याचं नव्हतं, मी खोटं बोलले. चैत्रात धनेश येतात रायवळ आंब्यावर, जोडीनं. पाऊस लागायच्या आधी नवरंग येतो, दोन शिट्ट्या घालतो, तो ओरडला की आम्ही सरपण आत घेतो. मग टिबुकली. ती पाण्यावरच घरटं करते, तरंगतं, आणि उठून जाताना अंड्यांवर ओलं शेवाळ पांघरते. दिवड हाय, दोन हायत, काय करत नाय कुणाला. मुंगूस पाण्यावर येतं दुपारचं. एका पावसाळ्यात घोरपड होती. आणि पाणकोंबडी. तिची पाच पिल्लं या पोरीच्या पाठीमागं होती. मी आडवी उभी राहिले."

टेबलावर गावाचा नकाशा पसरलेला होता. नर्मदाबाईंनी उठून त्यावर बोट ठेवलं. "हितं. ह्या कोपऱ्यात करते ती घरटं." मग त्यांनी ते बोट सवयीने तोंडाकडे नेलं, आणि एवढ्या माणसांत कसं दिसेल म्हणून खाली घेतलं.

साहेबाने चष्मा पुसला. तिन्ही कागद एकाशेजारी एक लावले.

"आजी, तुम्ही सांगताय ते खरं असेलही. पण माझ्यासमोर नर्मदा भालचंद्र राऊत यांच्या तीन सह्या आहेत. हिवाळ्यात काही नाही. उन्हाळ्यात एक खेकडा. पावसाळ्यात काही नाही. आणि आता परवानगीची वेळ आल्यावर अचानक सगळं आहे. मी कोणत्या नर्मदाबाईंवर विश्वास ठेवू? काही पुरावा आहे? एखादा फोटो असता तरी चाललं असतं."

फोटो. नर्मदाबाईंना टोपीवाला आठवला. चार तोफा चालत दारात आल्या होत्या, आणि त्यांनी त्या वालीवच्या नाल्यावर धाडल्या होत्या.

"आता येऊन बघा की साहेब," त्या म्हणाल्या. आपला आवाज विनवणीचा झालाय हे त्यांनाच ऐकू आलं आणि स्वतःचाच संताप आला. "पाहणीची मुदत संपली आजी," साहेब म्हणाला, "हरकत फेटाळावी लागेल."

"काकू," मयूर मऊपणे म्हणाला, "बैल गेला आणि झोपा केला."

बाहेर जिन्यात तेजस्वीने त्यांना गाठलं. तिचे डोळे लाल झाले होते. ओरडली असती तर बरं झालं असतं, पण ती हळू बोलली.

"मी तीनदा आले होते आजी. मला का नाही सांगितलं?"

नर्मदाबाईंपाशी दहा उत्तरं होती. सासूबाईंचं बोट होतं, मास्तरांचा फोटो होता, गार पडलेली अंडी होती. त्यातलं एकही त्यांनी काढलं नाही.

"तुला त्या टोपीवाल्यांत धरलं मी," त्या म्हणाल्या. "तांब्या विसळलास तेव्हाच कळायला हवं होतं. माज, दुसरं काय. म्हातारीचा माज."

डेब्रिजच्या गाड्या मार्गशीर्षात आल्या. विरारमध्ये कुठली तरी जुनी बिल्डिंग पाडली होती, तिच्या भिंती, फरश्या, संडासाची भांडी, सगळं चार दिवस बावखलात पडत राहिलं. नर्मदाबाईंनी मागचं दार लावून घेतलं नाही. आपण बघायचं, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि त्या ओवत ओवत बघत बसल्या. तिसऱ्या दिवशी पाणकोंबडी ढिगावर चढली. थोडा वेळ शेपटी हलवत उभी राहिली. मग वाडी ओलांडून, रस्ता ओलांडून, समोरच्या शेजारणीच्या, थेरेसाच्या कुंपणात शिरली. मागून दोनच पिल्लं गेली, आता मोठी झालेली.

संक्रांतीला लॉन तयार झालं. हिरवीगार हिरवळ, प्लास्टिकची नव्हे पण तशी वाटणारी. मधे टबाएवढं कारंजं, आणि कारंज्याभोवती मयूरने फायबरचे चार बगळे मांडले होते, गुलाबी रंगाचे. "नेचर थीम आहे काकू," तो म्हणाला होता. नर्मदाबाईंनी त्या गुलाबी बगळ्यांकडे नीट पाहिलं. एका पायावर उभे होते आणि चौघांनाही एकच डोळा रंगवलेला होता, कारण दुसरी बाजू पाहुण्यांकडे येत नव्हती. आपल्याला सगळ्या गावाची अक्कल काढता येते, असं त्या समजत आल्या होत्या. आता कुणाची काढायला जावं तर आधी स्वतःची समोर यायची.

त्याच आठवड्यात तेजस्वी गावात दिसली. नव्या वर्षाचे नवे कागद. ती नर्मदाबाईंच्या दारावरून पुढे गेली, आणि थेरेसाच्या फाटकाशी थांबली.

थेरेसा आणि नर्मदाबाई एका वयाच्या. एकीच्या ओटीवर देव्हारा, दुसरीच्या अंगणात क्रूस, पण मोगरा दोघींचा एकाच पाटीतून बाजाराला जायचा. आणि बोट चावायचा दंडक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच होता. नर्मदाबाईंनी ओवायचा दोरा खाली ठेवला आणि त्या रस्ता ओलांडून गेल्या.

थेरेसाचं बावखल चिंचेखाली होतं. मुलगी काठावर उभी होती आणि थेरेसा कमरेवर हात ठेवून म्हणत होती, "काय नाय येत गो. कशाला येतायत? एखादा कावळा येत असेल."

"खोटं बोलते ती," नर्मदाबाई मागून म्हणाल्या.

थेरेसाने वळून त्यांच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांनी चर्चमध्ये भर मिस्सेत शिवी दिली.

"नर्मदे, गप बस. हात दाखवून अवलक्षण करू नको."

"गप बसले होते. माझ्या परसात जाऊन बग, गप बसल्याचं काय झालं ते." नर्मदाबाईंनी हात उचलला आणि बोट सरळ केलं. "ते बग पोरी. त्या लव्हाळ्यात, डाव्या अंगाला. पाणकोंबडी हाय, माझ्याकडची. दोन पिल्लं जगलीत. त्या चिंचेच्या ढोलीत पिंगळे हायत, दोन. काठाला तीन बिळं हायत ना, ती खंड्याची, शिमगा झाला की तो परत उकरील. लिही. हळू लिही, मी थांबते."

थेरेसाने छातीवर क्रूस काढला. पण ती गेली नाही. बारीक आवाजात म्हणाली, "टिबुकली पण हाय. ती नाय सांगितलीस."

"तूच सांग मग."

थेरेसाने सांगितलं. तेजस्वीने पाठपोट दोन पानं भरली. थेरेसाने सही केली, आणि तिच्याखाली, जागा नव्हती तरी, नर्मदाबाईंनी आपलं पूर्ण नाव लिहिलं. मग मुलीने दप्तरातून दुसरा कोरा कागद काढला आणि तो हातात घेऊन नुसतीच उभी राहिली.

"आजी," ती अडखळत म्हणाली, "जुन्या नोंदीत तुमचं पण नाव आहे. तो फॉर्म भरावाच लागतो. काही नसलं तरी."

"मग भर की."

तिघी रस्त्यापलीकडे बघत होत्या. लॉनवर रात्रीच्या लग्नाच्या पत्रावळी अजून उचललेल्या नव्हत्या. गुलाबी बगळ्याच्या डोक्यावर एक कावळा बसून चोच पुसत होता, आणि खाली भातावर आणखी सात-आठ उतरले होते.

तेजस्वीने पेन टेकवलं. "पक्षी?"

"कावळे येतात," नर्मदाबाई म्हणाल्या. "बाकी काय नाय."

आणि त्यांनी सहीसाठी हात पुढे केला.